वाचनालयाच्या जांभ्याच्या भिंतीवरील तेलरंग, फवाऱ्याचा रंग आणि डांबर कसे काढावे?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाच्या इमारतीविषयी सल्ला हवा आहे. इमारत जुनी असून तिच्या बाजूच्या दोन भिंती उघड्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत. दरजा, म्हणजे चिऱ्यांमधील सांधे, चुन्याच्या आहेत. दर्शनी भिंतीवर चुन्याचा गिलावा असून त्यावर वर्षानुवर्षे सफेदीचे थर चढत गेले आहेत. छप्पर खानापुरी कौलांचे आहे.

गेल्या काही वर्षांत या भिंतींवर तीन प्रकारचा मजकूर साचला आहे. पूर्वेकडील जांभ्यावर निळ्या तेलरंगात वीतभर उंचीच्या अक्षरांची एक घोषणा आहे, तिच्याच शेजारी काळ्या फवाऱ्याच्या रंगाने काही नावे आणि बदामाची चिन्हे काढलेली आहेत, आणि दर्शनी भिंतीवर दारालगत कुणीतरी डांबराचे फटकारे मारलेले आहेत. मजकूर मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही आहे. आमच्या भागात या गोष्टीवरून चर्चा लगेच दुसरीकडे वळते, म्हणून आधीच नम्रपणे सांगतो की, सगळाच मजकूर काढायचा असे पंचमंडळींच्या बैठकीत दोन्ही भाषांच्या घरांनी मिळून ठरवले आहे. येथे फक्त भिंतीविषयी बोलावे, अशी विनंती आहे.

ज्या ठेकेदाराला बोलावले, त्याने ग्राइंडरला तारेचे चाक लावून कोपऱ्यातील एका चिऱ्यावर नमुना करून दाखवला. निळा रंग दोन मिनिटांत गेला, परंतु खाली जे उघडे पडले ते पाहून मी काम थांबवले. बाजूचे चिरे काळपट तांबूस आणि टणक आहेत, तर हा चिरा भाजलेल्या विटेसारखा नारिंगी दिसू लागला असून बोट फिरवले की बोटाला भुकटी लागते. दिवाळी झाली आहे, पाऊस संपला आहे आणि पुढील पावसापर्यंत हातात वेळ आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

खानापूरचा रंगारी:

काम थांबवलेत हे फार योग्य केलेत. मी गेली तीस वर्षे या तालुक्यात गवंडीकाम आणि रंगकाम करतो. जांभ्याविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. खाणीतून निघताना हा दगड इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासता येतो, आणि वारा-ऊन लागल्यावर त्याच्या बाहेरच्या अंगाला टणकपणा येतो. ती बाहेरची साल हेच त्याचे चिलखत असते. तुमच्या ठेकेदाराने रंगासोबत ती सालही काढली. आता त्या जागी पावसाचे पाणी इतर चिऱ्यांपेक्षा जास्त मुरेल आणि दगड झिजत राहील. म्हणून तारेचे चाक, तारेचा ब्रश, वाळूचा मारा आणि छिन्नी ही चारही साधने जांभ्यापासून दूर ठेवावीत.

गाड्या धुण्याच्या केंद्रावर असते ते पाण्याच्या जोराचे यंत्रही अनेकजण सुचवतील. ते जवळून मारले तर चुन्याच्या दरजा उचकटून बाहेर येतात आणि भिंतीच्या पोटात पाणी जाते. वापरायचेच झाले तर पंख्यासारखी पसरट धार देणारे तोंड लावून, दीड-दोन हात लांबून, फक्त शेवटच्या धुण्यासाठी वापरावे. रंग काढण्याचे काम पाण्याच्या जोरावर सोपवू नये.

पहिले काम म्हणजे रंगाची ओळख. एका कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशा जागी, ओल्या फडक्याने घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर तो चुन्याचा, डिस्टेंपरचा किंवा डिंकात कालवलेला रंग आहे, आणि निवडणुकीत घाईने रंगवलेल्या बऱ्याच घोषणा याच जातीच्या असतात. पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशाने त्यांचे काम भागते. पाण्याने काही झाले नाही तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून लावावा, मग टर्पेंटाइन, मग थिनर, असे पायरीपायरीने जावे. सौम्य औषधाने जो रंग सुटतो त्याला कडक औषध लावू नये.

निपाणीकर:

आमच्याकडे घराच्या कुंपणाच्या भिंतीवर असाच प्रकार झाला होता. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातील म्युरिॲटिक ॲसिड पाण्यात मिसळून मारले, काही डाग फिके झाले आणि भिंतीला काहीही झाले नाही. भिंत काळ्या दगडाची आहे. हा स्वस्त उपाय आपणही करून पाहावा, असे सुचवतो.

टिळकवाडीची शिक्षिका:

निपाणीकर दादा, आपला अनुभव खरा आहे, परंतु तो काळ्या दगडाचा अनुभव आहे. निपाणी-चिकोडीकडे बहुतेक ठिकाणी बेसाल्ट मिळतो. तो घट्ट असतो आणि त्यात छिद्रे कमी असतात. खानापूरकडील जांभा अगदी वेगळ्या जातीचा आहे. मी रसायनशास्त्र शिकवते आणि आमच्या जुन्या घराची डागडुजी करताना या विषयात बरीच गुंतले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

म्युरिॲटिक ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. तेलरंगाच्या वाळलेल्या थरावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, मात्र चुन्यावर लगेच होतो. दरजांमधील आणि गिलाव्यातील चुना हा कॅल्शियम कार्बोनेट असतो. आम्ल पडताच तो फेसाळतो आणि विरघळून वाहून जातो. म्हणजे रंग राहतो आणि दरज जाते. दुसरे असे की, जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा असतो. आम्लात थोडे लोह विरघळते आणि भिंत वाळताना पृष्ठभागावर येऊन पिवळट तपकिरी डाग उमटवते, जे मूळ घोषणेपेक्षाही वाईट दिसतात. तिसरे, आम्लातून तयार झालेले क्लोराइडचे क्षार दगडाच्या छिद्रांत राहतात. पावसाळ्यात ते ओल धरतात, उन्हाळ्यात त्यांचे स्फटिक होतात, आणि त्या फुगण्याने दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. हे नुकसान लगेच दिसत नाही, दोन-तीन पावसाळ्यांनी दिसते, तोपर्यंत आम्ल कुणी मारले होते हेही कुणाच्या लक्षात राहत नाही.

कॉस्टिक सोडा सुचवणारेही भेटतील. तो तेलरंगाला खरोखरच मऊ करतो, कारण रंगातील तेलाचा तो साबण करतो. परंतु तोही छिद्रांत मुरतो, पूर्ण धुतला जात नाही आणि मागाहून पांढरा क्षार भिंतीवर फुटतो. लोखंडी दारासाठी तो चालेल, जांभ्यासाठी नको.

मग करावे काय? छिद्रे असलेल्या दगडासाठी पोटीस हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. आपण गळवावर पोटीस बांधतो त्याच तत्त्वावर हे चालते. रंग मऊ करणारे द्रावक एखाद्या शोषून घेणाऱ्या मातीत कालवून भिंतीवर जाड लेप द्यायचा. द्रावक दगडात शिरून रंग सोडवते, आणि नंतर लेप वाळू लागला की तोच सुटलेला रंग बाहेर, म्हणजे लेपाकडे, ओढला जातो. नुसत्या थिनरच्या फडक्याने घासले तर उलटे घडते. रंग पातळ होऊन आणखी खोल छिद्रांत जातो आणि अक्षर पुसट झाले तरी त्याची निळी सावली कायमची राहते.

माझी पद्धत अशी आहे. आधी निळ्या अक्षरांवर बेंझिल अल्कोहोल असलेले घट्ट जेल लावावे. हे रंग सावकाश मऊ करते, काही तास घेते, पण त्याचा वास आणि धोका कमी असतो. रंग सुरकुतला की लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच उचलून कागदावर घ्यावा. जेवढा निघाला तेवढा निघाला, जोर करू नये. उरलेल्यासाठी पांढरी चिनी माती किंवा कागदाचा लगदा थिनरमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये दह्यासारखा घट्ट कालवून बोटाच्या अर्ध्या पेराएवढा जाड लेप द्यावा. भिंत आणि लेप यांच्यामध्ये जुन्या धोतराचे पातळ कापड चिकटवावे, म्हणजे मातीचे बारीक कण छिद्रांत अडकत नाहीत. वरून प्लॅस्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात, रात्रभर ठेवावे, दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यावा आणि मग कापडासह उचलून घ्यावा. एका लेपाने काम होणार नाही, तीन-चार लेप लागतील, अशी मनाची तयारी ठेवावी.

बाजारात मिळणाऱ्या काही रंगनाशकांच्या डब्यावर मिथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन असे लिहिलेले असते. ते फार वेगाने काम करते, परंतु त्याची वाफ शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत या रसायनाने माणसे दगावलेली आहेत आणि अनेक देशांनी त्याच्या घरगुती विक्रीवर बंदी घातली आहे. गावातील मुले मदतीला येणार असतील तर तो डबा आणूच नये.

मलप्रभाकाठ:

ताई आणि काका, आपण दोघांनी इतके तपशीलवार लिहिलेत, मनापासून आभार. दोन प्रश्न आहेत. हातमोजे कोणते घ्यावेत? आणि वाचनालयाच्या मागे, पंधरा-वीस पावलांवर, सार्वजनिक विहीर आहे, तिच्याविषयी काय काळजी घ्यावी?

टिळकवाडीची शिक्षिका:

विहिरीचा उल्लेख केलात हे बरे झाले. भिंतीच्या पायाशी प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्याची बाहेरची कड विटांवर उचलून धरावी, म्हणजे ओघळ जमिनीत जाणार नाही. वाळलेले लेप, कापडे आणि कागद झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जमा करावेत. ते गटारात, ओढ्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत आणि जाळूही नयेत.

दवाखान्यात वापरतात ते पातळ निळे नायट्राइलचे मोजे ॲसिटोनपुढे आणि बहुतेक थिनरपुढे लवकर हार खातात, ते फुगून फाटतात. ब्युटाइल रबराचे जाड मोजे ॲसिटोनला चांगले टिकतात. डोळ्यांना चष्मा हवाच. विडी-काडी, चूल आणि वेल्डिंग त्या दिवशी आसपास नको, कारण ॲसिटोनची वाफ शून्य अंशाखालच्या तापमानातसुद्धा पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत लांबवर पसरते.

खडेबाजारचा दुकानदार:

डांबराविषयी माझा अनुभव सांगतो. बेळगाव शहरात दुकानांच्या फलकांना काळे फासण्याचे प्रकार आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत, आणि माझ्या दुकानाचा फलक व त्याखालची भिंत दोन वेळा डांबराने माखली गेली. कुणी केले ते मला सांगायचे नाही. पहिल्या वेळी मी रागाच्या भरात दुपारी उन्हात रॉकेलने भिंत घासायला बसलो. उन्हाने मऊ झालेले डांबर रॉकेलने पातळ झाले आणि हाताएवढा डाग दाराएवढा पसरला. वर रॉकेलचा तेलकटपणा भिंतीत राहिला तो वेगळाच, त्यावर पुढे दोन वर्षे रंग धरला नाही.

दुसऱ्या वेळी एका जुन्या गवंड्याने उपाय सांगितला. डांबर थंड करायचे. सकाळी लवकर, प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे तुकडे घालून ती पिशवी डागावर दहा-पंधरा मिनिटे दाबून धरायची. गार झालेले डांबर ठिसूळ होते आणि लाकडी पाचरीने टोकले की काचेसारखे तुकडे उडतात. जाड थर असा निघून गेला की मग उरलेल्या तपकिरी डागासाठी टर्पेंटाइनची पोटीस. रॉकेल नको. माझ्या भिंतीवरील डाग या पद्धतीने तीन सकाळींत इतका गेला की आता जागा शोधावी लागते.

आणखी एक सांगतो. शटरवरील मार्कर पेनाच्या रेघांवर सरळ नवा रंग मारू नका. पाण्यातील रंगातून मार्करची शाई वर येते आणि आठवड्याभरात जांभळी अक्षरे पुन्हा दिसू लागतात. आधी स्पिरिटने पुसावे, आणि नंतर डाग अडवणारा लाखेचा किंवा तेलातील प्रायमर देऊन मगच रंगवावे.

वडगावचा वाचक:

सर्वांचे म्हणणे वाचले. माझा साधा प्रश्न असा आहे की, एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ सिमेंटचा गिलावा करून वरून रंग का देऊ नये? निम्म्या खर्चात काम होईल, आणि उद्या पुन्हा कुणी लिहिले तर पुन्हा रंगवता येईल.

खानापूरचा रंगारी:

खर्चाचा मुद्दा योग्य आहे आणि पंचांपुढे तो येणारच. परंतु जांभ्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. आमच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीकडे तर पावसाळ्याचे चार महिने भिंती वाळतच नाहीत. अशा भिंतीला सिमेंटचे कवच घातले की आत गेलेली ओल बाहेर येऊ शकत नाही. ती आतल्या बाजूने वाट काढते, कपाटांमागे बुरशी धरते, आणि वाचनालयात तर पुस्तकेच आहेत. मी असे गिलावे पाच-सहा वर्षांनी पत्र्यासारखे सुटताना पाहिले आहेत, आणि सुटताना ते चिऱ्याची सालही सोबत घेऊन येतात.

तेलरंगावर नुसती सफेदी देण्याचा विचारही कुणी मांडेल. चुन्याला धरायला खडबडीत आणि पाणी पिणारी जागा लागते. तेलरंगाच्या गुळगुळीत थरावर तो बसत नाही, वाळला की पोपडे निघतात. अक्षरे पुन्हा जशीच्या तशी दिसू लागतात.

किल्ल्याजवळचा:

विषयाला धरूनच एक पुरवणी जोडतो. जे दगडावर कोरले गेले आहे ते कोणत्याही लेपाने निघत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. मी बेळगावच्या भुईकोट किल्ल्याजवळ राहतो. किल्ल्यातील १२०४ सालची कमल बस्ती, म्हणजे जुने जैन मंदिर, पाहायला येणारे लोक पाहतो, खानापूर तालुक्यातील हलशीला भूवराह नरसिंहाच्या मंदिरातही जातो, आणि जुन्या वास्तूंच्या दगडांवर खिळ्याने किंवा किल्लीने खरवडलेली नावे दिसली की जीव तुटतो. रंग काढता येतो, पण खरवडलेला दगड भरून येत नाही. घासून ते नाव घालवायचे तर आजूबाजूचा दगडही तेवढाच खोल घासावा लागतो.

संरक्षित स्मारकावर आपण स्वतः काहीही करू नये, साधे पाणीसुद्धा मारू नये. ते काम पुरातत्त्व खात्याचे आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाल्यापासून संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इतर भिंतींसाठी कर्नाटकात १९८१ चा खुल्या जागांचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा आहे, त्यात ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेतही मालकाच्या परवानगीवाचून खासगी भिंतीवर घोषणा लिहू नयेत, असे स्पष्ट सांगितलेले आहे. मलप्रभाकाठ यांनी साफसफाईपूर्वी भिंतीची छायाचित्रे काढून ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा, अशी माझी सूचना आहे. पुढे पुन्हा तसेच घडले तर आधीची नोंद उपयोगी पडते.

मलप्रभाकाठ:

दहा दिवसांनी लिहितो आहे. अर्ज दिला, छायाचित्रे काढली आणि काम सुरू केले. जे घडले ते जसेच्या तसे सांगतो, कारण चुका इतरांच्या उपयोगी पडतील.

जेल बाहेरगावाहून मागवावे लागले. ते येईपर्यंत धीर नव्हता, म्हणून आम्ही काळ्या फवाऱ्याच्या एका नावावर ॲसिटोनची पोटीस लावली. पहिला लेप आम्ही भर दुपारी लावला. प्लॅस्टिक झाकेपर्यंत त्यातील निम्मे द्रावक उडून गेले होते. दुसऱ्या दिवशी लेप उचलला तर कापडावर रंग जेमतेम राखाडी उमटला होता आणि भिंतीवरील नाव आपल्या जागी शाबूत होते. दुसरा लेप आम्ही सूर्य मावळल्यावर लावला आणि कडा नीट बंद केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी कापड उचलले, तेव्हा त्या कापडावर पूर्ण नाव उलटे उमटलेले होते, आरशात दिसावे तसे. भिंतीवर फक्त छिद्रांच्या तळाशी काळे ठिपके उरले होते. मदतीला आलेली मुले ते कापड हातात धरून कितीतरी वेळ पाहत उभी होती.

निळ्या घोषणेच्या बाबतीत मात्र काम कठीण आहे. जेलने वरचा थर सुरकुतून निघाला, त्यानंतर तीन लेप झाले. सपाट भागावरील रंग गेला, पण जांभ्याला जी मोठी छिद्रे असतात, हरभऱ्याएवढी, त्यांच्या आत निळा रंग अजूनही बसलेला आहे. लांबून पाहिले की अक्षरांची फिकट सावली दिसते. आता काय करावे?

टिळकवाडीची शिक्षिका:

संध्याकाळी लेप लावण्याचा निर्णय अगदी बरोबर होता, तो मुद्दा मी लिहायला हवा होता. छिद्रांतील रंगासाठी चौथा-पाचवा लेप देऊन फारसा फायदा होणार नाही. तेथे हातानेच काम करावे लागेल. बांबूची काडी टोकदार तासून घ्यावी, छिद्रात जेलचा थेंब सोडावा, अर्ध्या तासाने काडीने रंगाचे पापुद्रे उचलावेत. लोखंडी सुई वापरू नये, ती दगड खरवडते. शेवटी कोमट पाणी आणि सौम्य साबण घेऊन मऊ ब्रशाने जागा धुवावी. धुताना खालची भिंत आधी ओली करून घ्यावी, म्हणजे वरून येणारा ओघळ कोरड्या दगडात शोषला जात नाही.

जी सावली त्यानंतरही उरेल ती राहू द्यावी. आणखी कडक औषधाच्या मागे लागू नये. ऊन, पाऊस आणि शेवाळ यांनी तीन-चार वर्षांत भिंतीचा रंग एकसारखा होत जातो.

खानापूरचा रंगारी:

ताईंच्या म्हणण्याला जोडून सांगतो. सावली फारच डोळ्यांत भरत असेल तर जांभ्याची भुकटी बारीक चाळून चुन्याच्या पातळ पाण्यात कालवावी आणि कुंचल्याच्या टोकाने फक्त त्या छिद्रांत ठिपके द्यावेत. भिंत रंगवायची नाही, छिद्रांतील निळा रंग तेवढा झाकायचा. ठेकेदाराने घासलेल्या चिऱ्यालाही हाच हात द्यावा. त्याची साल परत येणार नाही, पण भुकटी सुटणे कमी होईल.

मलप्रभाकाठ:

आज एक वेगळीच गोष्ट घडली आणि तिच्याविषयी सल्ला हवा आहे. दर्शनी भिंतीवरील डांबर आम्ही बर्फाने गार करून काढत होतो. खडेबाजारच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे तुकडे उडत होते, परंतु डांबरासोबत सफेदीचे थरही सुटून येऊ लागले. बोटाच्या नखाएवढ्या जाडीचे थर होते. त्यांच्याखाली, मूळ गिलाव्यावर, गेरूची अक्षरे दिसली. एक ओळ पूर्ण वाचता येते: ‘वाचनाची वेळ सकाळी ७ ते ९’. तिच्याखाली दुसरी ओळ सुरू होते, पण ती अजून सफेदीखाली आहे. ७ चा आकडा जुन्या वळणाचा आहे आणि अक्षरांखाली दोरीने आखलेली रेघ स्पष्ट दिसते. गावातील सर्वांत वयस्कर आजोबांना आणून दाखवले. ते लहान असताना भिंत पांढरीच होती, असे ते म्हणाले.

हे राखावे की झाकावे? मंडळाच्या काही सदस्यांचे म्हणणे आहे की, भिंत स्वच्छ करायची ठरली आहे तर सगळीच करावी. माझे मन होत नाही.

किल्ल्याजवळचा:

ते कृपया पुसू नका. घोषणा आणि नावे भिंतीच्या मालकाला न विचारता लिहिली गेली होती, ही ओळ मात्र वाचनालयाने स्वतः आपल्या वाचकांसाठी लिहिली होती. या दोन्हींना एकच नियम लावता येणार नाही. वरची उरलेली सफेदी काढण्याची घाई करू नका, मोजपट्टी शेजारी ठेवून सकाळच्या तिरप्या उजेडात छायाचित्रे घ्या.

खानापूरचा रंगारी:

माझेही मत तेच आहे, आणि एक धोक्याची सूचना आहे. जुना गेरू बहुधा डिंकात किंवा सरसात कालवलेला असतो. त्याला पाणी लागले की तो सुटतो. म्हणजे त्या भागात आता पाणी नाही, साबण नाही, टर्पेंटाइनची पोटीसही त्या अक्षरांपासून हातभर लांब. डांबराचा जो डाग अक्षरांना चिकटून आहे, तो तसाच राहू द्या. दुसरी ओळ पाहण्याचा मोह होईल. सफेदीचा थर जेथे आपोआप सुटा झाला असेल तेथेच, बांबूच्या पातळ पट्टीने, कोरडाच उचला. घट्ट बसलेला असेल तर हात लावू नका, चुन्याखाली ती ओळ इतकी वर्षे सुरक्षित राहिली आहे.

वडगावचा वाचक:

मी सिमेंटच्या गिलाव्याची सूचना केली होती, ती मागे घेतो. तसे झाले असते तर ही ओळ कायमची गेली असती. आता एक विचारतो. पुन्हा कुणी लिहू नये, किंवा लिहिले तर सहज पुसता यावे, म्हणून भिंतीवर देण्याचे पारदर्शक लेप मिळतात, त्यांचा येथे उपयोग होईल का?

टिळकवाडीची शिक्षिका:

असे लेप दोन जातींचे असतात. एक कायमचा, बहुधा पॉलियुरेथेनचा. त्यावरचा रंग द्रावकाने पुसता येतो आणि लेप तसाच राहतो. दुसरा मेणाचा किंवा वनस्पतिजन्य शर्करेचा. तो गरम पाण्याने रंगासकट धुऊन निघतो आणि पुन्हा द्यावा लागतो. बँकेच्या गुळगुळीत ग्रॅनाइटवर, उड्डाणपुलाच्या काँक्रीटवर किंवा लोखंडी शटरवर पहिल्या जातीचा लेप उपयोगी आहे. जांभ्यावर तो सिमेंटसारखाच श्वास कोंडतो, शिवाय भिंत ओली असल्यासारखी चकाकते. दुसऱ्या जातीचा लेप तुलनेने सुरक्षित आहे, परंतु खानापूरच्या पावसात तो किती टिकेल याचा भरवसा मी देणार नाही, आणि चुन्याच्या सफेदीवर तर तो देऊच नये.

माझ्या मते तुमच्यासाठी दोन साध्या गोष्टी अधिक कामाच्या आहेत. पूर्वेकडील भिंतीवर रात्री उजेड पडेल असा एक दिवा लावावा. आणि नवीन काही लिहिले गेले तर ते त्याच आठवड्यात काढावे. ताजा तेलरंग वाळायला आणि आतपर्यंत पक्का व्हायला वेळ घेतो. पहिल्या दोन दिवसांत जे काम एका लेपात होते, त्यालाच वर्षभराने चार लेप लागतात. जेलचा उरलेला डबा, मोजे आणि कापड एका पेटीत घालून वाचनालयाच्या कपाटात, कुलपात ठेवा. द्रावक मात्र आत ठेवू नका.

मलप्रभाकाठ:

महिन्याभराने शेवटची माहिती देतो. पूर्वेकडील भिंत स्वच्छ झाली आहे. निळ्या घोषणेची सावली माहीत असलेल्यालाच दिसते. छिद्रे साफ करण्याचे काम गावातील आठ-दहा मुलामुलींनी रविवारी सकाळी बांबूच्या काड्या घेऊन केले. त्यातील दोन मुलांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितले की, काळ्या रंगातील एक नाव त्यांच्या मित्राने लिहिले होते. मी कुणाचे नाव विचारले नाही. पुढच्या रविवारी तो मुलगाही काडी घेऊन आला.

गेरूच्या ओळीविषयी बैठक झाली आणि ती राखण्याचे ठरले. सफेदी करताना तेवढा चौकोन सोडायचा आणि पावसाचे शिंतोडे लागू नयेत म्हणून वर कौलांची एक छोटी पडवी काढायची. दुसऱ्या ओळीतील सुट्या थराखालून फक्त दोन शब्द दिसले: ‘सायंकाळी ५’. पुढचे अजून चुन्याखाली आहे.

आता एकच काम उरले आहे. घासकामात आणि धुण्यात तीन-चार ठिकाणी दरजा सैल झाल्याचे लक्षात आले. रंगारीकाका, चुना कसा आणि किती दिवस भिजवावा, ते सांगावे.

खानापूरचा रंगारी:

कळीचा चुना आणून पाण्यात विझवा, चष्मा लावून आणि लांब उभे राहून, कारण तो उकळतो. विझलेला चुना पाण्याखाली झाकून किमान तीन आठवडे ठेवा, जास्त ठेवलात तर आणखी चांगला होतो. मग एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू घ्या, वाळूतील थोडा हिस्सा चाळलेल्या जांभ्याच्या भुकटीचा ठेवा, म्हणजे दरजेचा रंग चिऱ्याशी जुळेल. सिमेंट चिमूटभरही घालू नका. सैल झालेला जुना चुना हाताने काढून दरज पाण्याने ओली करा, मसाला दाबून भरा आणि चिऱ्याच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. वरून ओले गोणपाट टांगून आठ दिवस ओलावा राखा. मी संक्रांतीनंतर त्या बाजूला कामाला येणार आहे, तोपर्यंत चुना तयार असेल तर पहिली दरज मी स्वतः भरून दाखवतो.

मलप्रभाकाठ:

काका, चुना आजच आणला. मागच्या अंगणातील जुन्या रांजणात विझवून ठेवला असून झाकणावर तारीख लिहिली आहे. आपण या.